‘मॅडम, मलाही आजीसारखं होऊन राहिलं का?’

नागपुरातल्या मानेवाड्याची सुनीता (नाव बदललं आहे) ३८ वर्षांची, पतसंस्थेत काउंटरवर बसते. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान जुनं. खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "मॅडम, डोकं कामच नाही करून राहिलं. आजीला डिमेन्शिया होता, मलाही तेच होऊन राहिलं का?" एमएसचे बरेच जण हे विचारतात, फक्त इतकं थेट नाही.

सोबतच्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं. "चांगली चालते-फिरते. मग सांगितलेलं लक्षात कसं राहत नाही?"

मी प्रसंग विचारले. नोटा मोजताना कोणी एफडीचं विचारलं की मोजणी पहिल्यापासून. घरी कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही चालू, त्यात सासूबाई गोळ्या संपल्याचं सांगतात. संध्याकाळी हिला त्यातलं काही आठवत नाही. पण सकाळी शांत बसून वाचलेलं व्याजदराचं पत्रक तिने मला न अडखळता सांगितलं.

एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, संदेश रेंगाळतात. त्यामुळे बहुधा आधी मार खातो तो विचारांचा वेग. एक बोलणं पचायच्या आत दुसरं येऊन धडकतं, पहिलं मेंदूत नोंदलंच जात नाही. नोंदलंच नाही ते आठवेल कुठून? भाषा आणि समज सहसा शाबूत राहते. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना असा काही ना काही त्रास होतो, आणि चालण्यावरून तो ओळखता येत नाही. हे शेवटचं मी नवऱ्याकडे बघूनच सांगितलं.

तरी सगळं एमएसच्या माथी मारू नये. थायरॉइड, बी-१२, अपुरी झोप, नैराश्य, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, यांनीही डोकं जड होतं. म्हणून तिला आधी न्यूरोलॉजिस्टकडे परत पाठवलं. मानसतज्ज्ञांनी चिन्हांना अंक जुळवायची ९० सेकंदांची चाचणी घेतली. वेग कमी भरला, चुका जवळजवळ नाहीत.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, म्हणून हिशेबाचं काम सकाळी उरकायचं ठरलं. गारव्यात बसूनही नवा त्रास दिवसभर टिकला, तर मात्र डॉक्टरांना लगेच फोन. काउंटरवर "थांबा, मोजू द्या" म्हणायला ती शिकली. घरी एका वेळी एकच गोष्ट सांगायची, टीव्ही बंद करून.

सासूबाईंनी टीव्ही बंद करायला साफ नकार दिला. शेवटी मालिकेच्या वेळात सुनीताला काही सांगायचंच नाही, यावर तडजोड झाली.