गेट, पूल आणि ड्रम: वर्किंग इक्विटेशन घरच्या घोड्यावर सुरू करताना

मागच्या अंकात वर्किंग इक्विटेशनवर, म्हणजे घोड्यावर बसून गेट, पूल, ड्रम असे अडथळे सफाईने पार करायच्या खेळावर, थोडंसं लिहिलं होतं, त्यावर नाशिक आणि आजूबाजूच्या गावांतून बरीच पत्रं आली, बघून खरंच बरं वाटलं. कारण आपल्याकडे घोडा म्हटलं की लग्नाची वरात नाहीतर शर्यत, मधलं काही कोणी विचारतच नाही. प्रश्न थोडे छोटे करून घेतलेत.

प्रश्न (मखमलाबाद): माझ्याकडे सहा वर्षांची मारवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. मी रोज सकाळी रपेट मारतो, पळते मस्त. मोबाइलवर वर्किंग इक्विटेशनचे व्हिडिओ बघून वेड लागलंय. द्राक्षबागेच्या कडेला अर्धा एकर मोकळं आहे, तिथे अडथळे मांडायचेत. काय काय बनवून घेऊ आणि सुरुवात कशी करू? आणि हा खेळ फक्त त्या परदेशी घोड्यांचाच आहे का?

उत्तर: शेवटचं आधी सांगतो. कुठल्याही जातीचा घोडा चालतो, नियमात जातीची अट नाही. व्हिडिओत जास्त करून पोर्तुगालचे लुसितानो नाहीतर स्पेनचे घोडे दिसतात कारण खेळ तिकडूनच आला. पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्स इथले घोड्यावरून गुरं राखणारे लोक रोज जे काम करायचे, म्हणजे खाली न उतरता फाटक उघडायचं, ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून जायचं, एका हातात काठी धरून गुरं वळवायची, त्याचीच पुढे स्पर्धा झाली. 1996 ला इटलीत पहिली युरोपियन चॅम्पियनशिप झाली, 2004 ला वॉव नावाची जागतिक संघटना निघाली, नियम तीच ठरवते. मारवाडी, काठियावाडी, आपली भीमथडी, सगळी छोट्या जागेत पटकन वळणारी जनावरं आहेत, मला तर ही या खेळासाठी फार जवळची वाटतात.

स्पर्धेचे भाग चार. पहिला ड्रेसाज, 40 बाय 20 मीटरच्या आखाड्यात ठरलेल्या चाली आणि वर्तुळं. दुसरा अडथळ्यांचा, त्यात प्रत्येक अडथळ्याला 0 ते 10 मार्क आणि तुम्ही किती सफाईने केलं ते बघतात, घाईला मार्क नाहीत. तिसरा तसेच अडथळे पण वेळ लावून, तिथे स्टाइलला मार्क नाहीत, काही पाडलं की सेकंद वाढतात. चौथा गुरांचा, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुतेक तिसऱ्या भागाचे असणार, कारण तेच शेअर होतात. पण तिथे पोचलेल्या घोड्याने आधीची कित्येक वर्षं दुसरा भाग चालत चालत केलेला असतो आणि ते कोणी शूट करून टाकत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच, सुतार आणि वेल्डर दोघांनाही अजून बोलावू नका. आधी घोडी थांबते का बघा. थांबते म्हणजे लगाम ढिला सोडला, तुम्ही वरच्या वर खिशातून मोबाइल काढला, जॅकेट काढून परत घातलं, तरी चारही पाय जागेवर. रोज पळवलेल्या बहुतेक घोड्यांना हेच येत नाही, त्यांना स्वार बसला की निघायचं एवढंच माहीत असतं, आणि या खेळातलं निम्मं काम तर उभ्याने नाहीतर एकेका पावलाने करायचं असतं. थांबणं आलं की मग सरळ मागे घेणं, आधी दोन पावलं, तेवढी नीट आली की चार. लगाम खेचून नाही, पाय आणि बसणं यांनी सांगायचं आणि हाताने फक्त पुढचं दार बंद ठेवायचं, म्हणजे घोडी पुढे निघणार नाही एवढंच बघायचं. त्यानंतर एका पायाच्या दाबाने पुठ्ठे, म्हणजे घोडीचा मागचा भाग, बाजूला सरकवणं, दोन्ही बाजूंना. ही तीन कामं झाली की गेट, घंटेची गल्ली (अरुंद वाटेने जाऊन टोकाची घंटा वाजवायची आणि मागे मागे बाहेर यायचं), आडवं चालणं यातलं अवघड ते जवळजवळ उरकतं.

गेटवर थोडं जास्त बोलतो, कारण हा सगळ्यात सुंदर अडथळा आहे आणि घाईत सगळ्यात जास्त बिघडतो. घोडी गेटला समांतर येऊन उभी राहते, तुम्ही कडी काढता, ढकलता किंवा ओढता, आत जाता, वळता, थोडं मागे घेऊन बंद करता, आणि हे सगळं होईपर्यंत गेटवरचा हात सुटता कामा नये. सुटला की मार्क गेले. घरी सुरुवातीला खरं गेट वापरूच नका, दोन खांबांमध्ये दोरी बांधा, एका बाजूला हुक. दोरी अडकली तर सोडून देता येते, लोखंडी गेट घोडीच्या मांडीला लागलं की पुढचे कित्येक आठवडे ती गेटाजवळ यायची नाही. पहिल्या दिवशी फक्त जवळ जाऊन उभं राहायचं आणि निघायचं, दोरीला हातसुद्धा लावायचा नाही. कंटाळवाणं वाटेल पण असंच करा.

सामानाचं म्हणाल तर बागायतदाराकडे सगळं पडलेलंच असतं. बांबू, दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे ड्रम, जुन्या फळ्या. ड्रम औषधाचे असतील तर मात्र नको, घोडा चाटतो, साधे पाण्याचे घ्या. स्पर्धेत आठच्या आकड्यासाठी दोन ड्रम साधारण 3 मीटरवर असतात आणि स्लॅलमचे, म्हणजे ज्यांच्या मधून नागमोडी जायचं ते खांब 6 मीटरवर, पण तुम्ही सगळं त्याच्या दीडपट नाहीतर दुप्पट अंतरावर मांडा, घोडी चाल न तोडता वाकायला लागली की जवळ आणा. खांब जमिनीत पक्के गाडू नका, धडकले तर पडले पाहिजेत.

जागेचं बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात पाय ओढून घेते, दोन्हीत घोड्याच्या पायाच्या शिरा, म्हणजे कंडरा, दुखावतात. मुरूम टाकणार असाल तर खडे वेचून बारीक मुरूम, आणि त्यावर जमलं तर रेती. बागेच्या तारांपासून चांगलं लांब. फवारणीचा ब्लोअर चालू असताना आणि फवारणी झाल्यावर कडेचं गवत घोडीला अजिबात चारू नका. आणि हो, घरात गाई किंवा कोंबड्या असतील तर त्यांचं तयार खाद्य घोडीच्या तोबऱ्यात चुकूनही जाऊ देऊ नका, त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला कोंबडीला चालतं पण घोड्याचं हृदय बंद पाडतं.

प्रश्न (दिंडोरी): माझा घोडा आधी वरातीत नाचायचा. त्याला काट्याचा लगाम आहे, साध्या लगामाला ऐकत नाही असं विकणाऱ्याने सांगितलं. याच लगामावर हा खेळ शिकवला तर चालेल का?

उत्तर: नाही, आणि खेळापुरतं नाही, आजच काढा. काटेरी लगाम वापरायला आपल्याकडे 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, तरी बाजारात उघड टांगलेले दिसतात याचा मला मनापासून राग येतो. साधा गुळगुळीत, मधे जोड असलेला स्नॅफल घ्या, नवशिक्या गटात स्पर्धेतही तोच आणि दोन्ही हातांनी धरायला परवानगी असते. पण बदलण्याआधी डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या, अशा घोड्यांच्या जिभेवर आणि हिरड्यांवर जुन्या जखमा असतात, दातांना धारही आलेली असते, मग साधा लगामसुद्धा टोचतो आणि आपण म्हणतो ऐकत नाही.

नाचवलेल्या घोड्याची अजून एक गोष्ट असते, त्याला लगाम घट्ट झाला आणि पाय लागला की जागच्या जागी पाय उचलायचे एवढंच शिकवलेलं असतं, ढोल-ताशाच्या गोंगाटात, भीतीने. तुम्ही गेटापाशी थांबवायला जाल आणि तो नाचायला लागेल, तर मारू नका, त्याच्या मते तो बरोबर करतोय. बंदिस्त जागेत, लांब ढिल्या लगामावर नुसतं चालवा, भरपूर दिवस. मान खाली सोडून फुरफुरत चालायला लागला की समजा सुरुवात झाली. त्याच्याकडे पाय गोळा करायची ताकद आधीपासून आहे, पुढे ती फार कामाला येईल.

प्रश्न (कॉलेज रोड): मी अकरावीत आहे, स्वतःचा घोडा नाही, क्लबच्या घोड्यावर आठवड्यातून दोनदा बसते. मला हे शिकता येईल का? तिकडे मोठे लोक एका हाताने चालवतात, ते कसं जमतं?

उत्तर: येईल की, उलट वेगवेगळ्या घोड्यांवर बसायची सवय असलेल्यांचा हात लवकर हलका होतो. एका हाताने चालवणं सगळ्यात वरच्या गटात सक्तीचं असतं, तुला अजून खूप वेळ आहे. पण दोन हातांनी चालवतानाही पाण्याचा जग उचलताना, कप एका खांबावरून दुसऱ्यावर ठेवताना, ड्रममधली लांब काठी काढून तिने रिंग उचलताना एक हात मोकळा लागतोच. म्हणून आत्तापासून वर्तुळात चालताना दोन्ही लगाम एका हातात घे आणि दुसरा हात मांडीवर ठेव, घोडा बाहेर निघून गेला की समज की तू वळवायचं काम आत्तापर्यंत फक्त हातानेच करत होतीस. बघणं, खांदे, कंबर, आतला पाय, वळण तिथून आलं पाहिजे. काठीचा सराव आधी जमिनीवर उभं राहून कर, मग घोड्याला ती दाखव, त्याच्या दोन्ही बाजूंनी हळू फिरव, मगच वर घेऊन बस. टेंट पेगिंग, म्हणजे भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायचा खेळ, बघितलं असशील तर त्यातला भाला भरधाव घोड्यावरून मारायचा असतो, ते डोक्यातून काढून टाक, इथे काठी शांत राहिली पाहिजे. आणि हेल्मेट. व्हिडिओत तिकडचे लोक टोपी घालून दिसतात, तू हेल्मेटच घाल.

प्रश्न (गिरणारे): घोडा लाकडी पुलावर पाय ठेवत नाही. ओढून नेला तर उडी मारून पलीकडे जातो.

उत्तर: घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि पायाखालचं दिसत नाही, म्हणून त्याला मान खाली घालून बघू द्या, आपण नेमकं त्याच वेळी लगाम वर खेचतो. वरून फळी पोकळ वाजते त्याचीही भीती असते. आधी प्लायवूडचा एक जाड तुकडा जमिनीवर सपाट टाका, खाली हवा नको, तुम्ही खाली उतरून पुढे चाला, एक पाय ठेवला की शाबासकी आणि मागे. हो, मागे, त्याला मागे येता येतं हे कळलं की उडी मारायची गरज वाटत नाही. स्पर्धेतला पूल साधारण 4 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो, तुमचा पहिला पूल त्याहून रुंदच करा, आणि वर पोतं किंवा मॅट ठोकून घ्या, पावसाळ्यात ओली फळी म्हणजे घसरून पडायची हमी.

प्रश्न (सिन्नर): गुरांच्या भागासाठी आमच्या गोठ्यातल्या गाई वापरल्या तर?

उत्तर: नको. त्या भागात तीन-चार स्वारांची टीम कळपातलं ठरलेलं एक जनावर बाकीच्यांना न पळवता वेगळं काढते, त्याला घोडा आणि गुरं दोन्ही शिकलेली लागतात. गोठ्यातल्या दुभत्या गाई पळवल्या तर दूध आटेल, एखादी गाभण असेल तर गाभडेल. बऱ्याच ठिकाणी हा भाग न घेताच स्पर्धा होतात. तुम्ही घोडा फक्त गाईंच्या शेजारून चालवत न्या, चरणाऱ्या गुरांजवळ शांत उभा करा, एवढं पुष्कळ.

प्रश्न (ओझर): काठियावाडी घोडा रेवाल (न उसळता चालायची झपझप चाल) चालतो, दुडकी (ट्रॉट) येतच नाही. बाद होईल का?

उत्तर: खालच्या गटांच्या ड्रेसाजमध्ये दुडकी मागतात, त्यामुळे शिकवावी लागेल. जमिनीवर पाच-सहा बांबू आडवे टाकून त्यावरून सैल लगामाने नेलं की बरेच घोडे दुडकीत येतात. वरच्या गटात अडथळ्यांच्या भागात दुडकी नसतेच, कदम (साधं चालणं) आणि कँटर (हलकी दौड) एवढंच. रेवाल मोडू नका मात्र, लांबच्या रपेटीला ती ठेवा.

प्रश्न (नाशिक रोड): आम्ही पाच-सहा घोडेवाले मित्र मिळून एखाद्या रविवारी आपापसात छोटी स्पर्धा ठेवावी म्हणतोय. काय बघायचं?

उत्तर: जरूर ठेवा. हा खेळ एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, यादीत नाही, त्यामुळे वॉवचे नियम इंटरनेटवरून घ्या आणि आपल्यापुरते सोपे करा. अडथळे सहाच ठेवा, सगळे कदमावर, वेळ लावूच नका, मित्रांपैकी दोघांनी घोड्यावर न बसता फक्त मार्क द्यायचे. प्रत्येक अडथळ्याच्या तोंडाशी उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरी झेंडी, कुठून शिरायचं ते कळतं, आणि नंबर लावा, क्रम चुकला तर स्वार बाद, हा नियम मात्र सोपा करू नका, डोकं शांत ठेवायची सवय त्यातूनच लागते. जिथे घोडा जोरात बिथरला तिथे परत एकदा करू द्या, मार्क न देता, म्हणजे तो भीती घेऊन घरी जाणार नाही.

पण वेगवेगळ्या तबेल्यांतले घोडे एकत्र आणायच्या आधी सगळ्यांची ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्त तपासणी झालेली पाहिजे. या रोगाला लस नाही, माणसालाही होतो, आणि पॉझिटिव्ह निघालेला घोडा कायद्याने मारावा लागतो. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं की ते सीरम तपासणीला पाठवतात, वेळ लागतो, म्हणून तारीख ठरवायच्या आधीच रक्त द्या. धनुर्वाताची लसही बघून घ्या. पाण्याच्या बादल्या आणि तोबरे ज्याचे त्याने आणायचे, आणि ज्याचा रिपोर्ट आला नाही त्याने घोडा घरी ठेवून मार्क द्यायला यायचं.