आकाशातून पडणारी आग फॉस्फरसची आहे की दुसरं काही, हे व्हिडिओवरून कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की मे २०२३ मधल्या, युक्रेनमधल्या बाख्मुत शहरावरच्या रशियन हल्ल्याच्या ड्रोन-व्हिडिओत इमारतींवर चमकत्या ठिणग्यांची सर कोसळताना दिसते, तो पांढरा फॉस्फरस आहे का. मला तसं वाटत नाही. युक्रेनच्या बाजूने तेव्हा ‘फॉस्फरस’ असंच सांगितलं गेलं आणि बातम्यांनीही तोच शब्द उचलला. पण फॉस्फरसची जी सगळ्यात मोठी खूण, ती त्या दृश्यात जवळपास नाहीच. ती म्हणजे धूर.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. सैन्याशी माझा संबंध नाही. असे व्हिडिओ निरखायची सवय मात्र गेली काही वर्षं लागली आहे, तेवढ्या बळावर लिहितो.

पांढरा फॉस्फरस साधारण ३० अंश सेल्सिअसला हवेत आपोआप पेटतो. प्रयोगशाळेत तो पाण्याखाली ठेवतात. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ठेवायची कल्पनाही नको. जळताना त्याचं जे ऑक्साइड होतं ते हवेतली वाफ अधाशासारखं ओढून घेतं आणि फॉस्फरिक आम्लाचं दाट पांढरं धुकं तयार होतं. सैन्याला हवं असतं ते हे धुकं, कारण त्याआडून तुकड्या हलवता येतात. म्हणून हा मुळात धूरगोळा. आग लावण्यासाठीही तो वापरला जातो, पण त्याच्या प्रत्येक जळत्या तुकड्यामागे धुराची जाड शेपटी असतेच.

अमेरिकी बनावटीचा १५५ मिमीचा एम८२५ए१ हा तोफगोळा याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. त्यात फॉस्फरसमध्ये भिजवलेल्या नमद्याच्या (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, म्हणजे फेल्टच्या) ११६ पाचरी असतात, प्रत्येक पाचर पाव वर्तुळाच्या आकाराची. गोळा हवेतच फुटतो, एक पांढरा गोळका दिसतो आणि त्यातून ऑक्टोपसच्या पायांसारखे धुराचे फराटे खाली उतरतात. जानेवारी २००९ मध्ये गाझातल्या बेत लाहियाच्या शाळेवरचे फोटो आठवत असतील तर हेच ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण लेबनॉनमधल्या धायरा गावावरही हेच वापरलं गेल्याचं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने नोंदवलं.

आता बाख्मुत. तिथे दिसतात शेकडो लहान, प्रखर, पांढरे ठिपके. त्यांच्यामागे धूर अगदी विरळ, आणि थवा एकामागून एक येतो, कारण रॉकेटं एकेक करून नव्हे, सरीने सुटतात. ही चिन्हं ९एम२२एस या १२२ मिमीच्या ग्राद रॉकेटशी जुळतात (ग्राद म्हणजे ट्रकवरच्या नळ्यांतून रॉकेटं सोडणारी यंत्रणा). त्याच्या डोक्यात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या १८० षटकोनी नळकांड्या असतात, आत थर्माइटसारखं मिश्रण. थर्माइट तुम्ही बहुधा पाहिलंही असेल: रेल्वेचे रूळ जागेवर जोडताना जे धगधगतं वितळतं लोखंड ओततात, ते याच अभिक्रियेतून निघतं. ही नळकांडी जमिनीवर पडून निदान दोन मिनिटं जळत राहते. ग्रादच्या एका गाडीवर नळ्या ४०, हिशेब तुम्हीच करा. २०१४ साली पूर्व युक्रेनमधल्या इलोवाइस्कमध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेला याच रॉकेटाचे अवशेष सापडले होते.

रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. ‘पांढरा प्रकाश म्हणजे पांढरा फॉस्फरस’ हे मी अनेकदा वाचलंय आणि दर वेळी डोक्याला हात लावलाय. रात्री मोबाइलचा कॅमेरा कुठल्याही प्रखर वस्तूला पांढरं करून टाकतो. दिवाळीत फुलबाजीचा व्हिडिओ काढून बघा. पांढरा फॉस्फरस जळताना खरं तर पिवळसर दिसतो.

फसवणारी इतरही मंडळी आहेत. एखादा दिवा पॅराशूटखाली डुलत सावकाश उतरत असेल तर तो प्रकाशगोळा. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून ओळीने सुटून काही सेकंदांत विझणाऱ्या ठिणग्या म्हणजे क्षेपणास्त्राला चकवायचे फ्लेअर. रणगाड्याभोवती अचानक पांढरा पडदा उभा राहिला तर ते धुराचे ग्रेनेड, त्यात बहुतेक लाल फॉस्फरस असतो. आणि हेक्झाक्लोरोइथेनचा जुना धूरगोळा आगीचा पाऊस पाडतच नाही. त्याचे मोजके डबे जमिनीवर पडून धुमसत बसतात.

व्हिडिओपेक्षा अवशेष जास्त बोलतात. एम८२५ए१ मधला माल मागच्या बाजूने बाहेर फेकला जातो, त्यामुळे गोळ्याचं पोलादी कवच बरंचसं अखंड खाली येतं आणि त्यावरचा मजकूर वाचता येतो. फिका हिरवा रंग, लाल अक्षरं, पिवळा पट्टा ही अमेरिकी फॉस्फरस-गोळ्याची ओळख. ‘डी५२८’ हा पुरवठ्याचा संकेतांक दिसला तर शंका उरत नाही. ॲम्नेस्टीने २०२३ मध्ये इस्रायलमधल्या स्देरोतजवळ इस्रायली तोफांपाशी ठेवलेल्या गोळ्यांवर तोच वाचला होता.

हे एवढं काटेकोर का पाहायचं, तर कायदा गोळ्याच्या नावावर अडतो. काही पारंपरिक शस्त्रांवर बंधनं घालणाऱ्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारातला तिसरा प्रोटोकॉल आग लावणाऱ्या शस्त्रांवर मर्यादा घालतो, पण धूर, प्रकाश किंवा इशारा यांसाठी बनवलेला गोळा ओघात आग लावत असेल तर तो व्याख्येतून सुटतो. ९एम२२एस त्यात सरळ बसतो, एम८२५ए१ निसटतो. जळणाऱ्या माणसाला दोन्ही सारखेच. इराकमधल्या फलुजात २००४ साली वापरलेल्या फॉस्फरसबद्दल अमेरिकी सरकारने आधी तो फक्त प्रकाशासाठी होता असं सांगितलं आणि २००५ च्या नोव्हेंबरात शत्रूच्या सैनिकांवरही वापरल्याचं कबूल केलं. गोळा तोच, हेतू बदलला. तेवढं व्हिडिओवरून ओळखायची युक्ती माझ्याकडे नाही.

शेवटची गोष्ट अशा भागात राहणाऱ्या कुणा ओळखीच्यांसाठी: नमद्याची पाचर विझल्यासारखी दिसते, वर काळी खपली धरते, पण आत न जळलेला फॉस्फरस शिल्लक असतो. गाझात २००९ मध्ये अशा खपल्या पायाने उडवल्यावर काही दिवसांनंतरही पुन्हा पेटल्या होत्या. लसणासारखा वास आला तर तिथून मागे फिरायचं.