मास्करेड बॉलच्या जुन्या छापील चित्रांवरून नाटकाचे पोशाख शिवता येतील का?

तुमचा प्रश्न असा: अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये घडणारं नाटक बसवताय, त्यात मास्करेड बॉलचा, म्हणजे मुखवटे आणि सोंगं घालून करायच्या नाचाचा, एक प्रवेश आहे, त्या काळची व्यंगचित्रं आणि रंगीत छापील चित्रं इंटरनेटवर ढिगानं सापडली, तर त्यावरून जसेच्या तसे पोशाख शिवून घ्यावेत का? आणि डोमिनो म्हणजे नेमकं काय?

डोमिनोचं शेवटी सांगते. पहिल्याचं उत्तर ‘नाही’. ‘जसंच्या तसं’ हे शब्द ऐकले की आजही माझं डोकं तापतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची पुण्यात ड्रेपरी आहे, नाटकाचे पोशाख शिवून भाड्यानं देणारं दुकान. वडिलांनी सुरू केली, आता मी बघते. २०११ साली एका संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्याच काळातल्या लंडनवरचं नाटक घेतलं आणि वेशभूषा आमच्याकडे आली. दिग्दर्शक नावाजलेले होते, नाव घेणार नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक झेरॉक्स टेबलावर ठेवली. चित्रात एक तरुण. चेहऱ्याच्या दुपटीहून उंच असा केसांचा टोप, त्या डोंगराच्या शेंड्यावर चिमुकली तिकोनी टोपी, कानाशी केसांच्या जाडजूड गुंडाळ्या, खांद्याशी फुलांचा भला मोठा गुच्छ, कमरेला तलवार.

“मला हे असंच पाहिजे, ताई. इंचभर इकडेतिकडे नको. हा त्या काळचा पुरावा आहे.”

मी म्हटलं, “सर, हे कुणीतरी टिंगल करायला काढलेलं दिसतंय. एवढं डोक्यावर घेऊन माणूस दारातून आत कसा येईल?”

“तुम्ही शिवा. अभ्यास आमच्यावर सोडा.”

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

आमच्याकडे तेव्हा वडिलांच्या वेळचे मास्तर होते. शिवणात तर हात होताच, पण टोप बांधण्यातही त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी बकरमची, म्हणजे खळ दिलेल्या ताठ कापडाची, टोपी केली, त्यावर बारीक जाळीचा सांगाडा उभारला, आत कापूस, वरून लोकर विंचरून चिकटवली. कानाशेजारच्या गुंडाळ्यांसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या. तयार झाल्यावर वजन केलं तर एक किलो नऊशे ग्रॅम. मास्तर म्हणाले, “बाई, हे डोकं नाही, कळस झाला.” रंगीत तालमीत त्या पोरानं रीतीप्रमाणे एक पाय मागे घेऊन कमरेत लवून अभिवादन केलं आणि टोपानं त्याला पुढे खेचलं. पुठ्ठ्याची कड कपाळात रुतली, भुवईच्या वर रेघ उमटली. मग हनुवटीखाली इलॅस्टिक लावलं. प्रयोगात ते इलॅस्टिक तिसऱ्या रांगेपर्यंत दिसत होतं आणि प्रेक्षक नको तिथे हसले. परीक्षकांनी वेशभूषा भडक असल्याचं सांगितलं. नंतरच्या बैठकीत सगळ्या संचासमोर दिग्दर्शक म्हणाले, “चित्र समोर ठेवूनही ड्रेपरीवाल्यांना जमलं नाही.” मास्तर दाराशीच उभे होते. त्यानंतर त्यांनी टोपाचं काम कधी हातात घेतलं नाही.

चार वर्षांनी ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर भलतंच काही शोधताना तेच चित्र समोर आलं. पण आता ते पूर्ण होतं. खाली ओळ होती: ‘द मॅकरोनी. अ रिअल कॅरेक्टर ॲट द लेट मास्करेड’. फिलिप डॉ, १७७३. म्हणजे नुकत्याच झालेल्या मास्करेडमधलं पात्र! मॅकरोनी म्हणजे युरोपची सैर करून आलेले, तिकडच्या फॅशनचा अतिरेक करणारे लंडनचे तरुण. त्या मॅकरोनीचं सोंग घेऊन कुणीतरी मास्करेडला आला असं चित्रकार सांगतोय. सोंगाचं पुन्हा व्यंगचित्र. आणि आमच्या झेरॉक्समध्ये नेमकी ती खालची ओळ कापलेली होती. ज्याला ‘पुरावा’ म्हटलं, त्याच्याच पायाशी लिहिलं होतं की हा नाचाचा वेष आहे.

म्हणून पहिली गोष्ट: चित्राच्या खालची पट्टी कधीही कापू नका. चित्राइतकीच ती वाचा. १७३५ साली इंग्लंडमध्ये छापील चित्रांच्या हक्काचा कायदा झाला. विल्यम होगार्थ या चित्रकारानं त्यासाठी खटपट केली होती, कारण त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला स्वस्तात विकल्या जात होत्या. तेव्हापासून हक्क टिकवायचा तर ज्या प्लेटवर चित्र कोरून छापायचं तिच्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरावी लागायची. त्यामुळे अमुक चित्र कुठल्या वर्षी, कुणाच्या दुकानातून निघालं हे बहुतेक वेळा तिथेच मिळतं. दुकान कळलं की हेतू कळतो. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर मॅथ्यू आणि मेरी डार्ली या नवराबायकोचं दुकान होतं, १७७१ पासूनच्या दोनतीन वर्षांत त्यांनी मॅकरोनींची मालिकाच काढली. डार्लींचं चित्र असेल तर ते हसवायला काढलंय हे धरूनच चाला. १७७१ च्या त्यांच्या एका चित्रात बाईचे केस इतके उंच की केशभूषाकार शिडीवर चढलाय. शिडी दिसली की कुणीही समजतं.

पण आमचे दिग्दर्शक फसले ते का, हे मला पुढे कळलं. डार्लींची चित्रं रेघांची असतात, विनोद लगेच दिसतो. डॉचं चित्र मेझोटिंट नावाच्या छपाईच्या पद्धतीचं आहे. त्यात तांब्याची सगळी प्लेट आधी दातेरी हत्यारानं खरखरीत करतात, तशीच छापली तर मखमलीसारखा काळा रंग येतो. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करत जायचं. रेघ नाहीच, नुसती छाया. रेशमाची चमक आणि केसांचा मऊपणा त्यात असा उतरतो की बघणाऱ्याला फोटोच वाटतो. रेनॉल्ड्स या चित्रकारानं रंगवलेल्या उमरावांच्या तसबिरी याच पद्धतीनं छापून विकल्या जात. म्हणजे थट्टा केली, पण तसबिरीच्या कागदावर केली. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर बैठकीत मी गप्प बसले नसते.

उलट्या बाजूनं फसवणारी चित्रं म्हणजे दिवाणखान्यात लावायची शोभेची. ॲकरमन या प्रकाशकानं १८०८ ते १८१० मध्ये लंडनच्या देखाव्यांची जी मालिका छापली, तिच्यात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या पँथिऑनमधलं मास्करेड आहे. वास्तू पुजिननं काढली, माणसं रोलंडसननं. सुंदर आहे, मलाही आवडतं. पण रंग हातानं भरलेले आहेत. अशी चित्रं छापून झाल्यावर रंगारी ओळीनं बसून रंगवायचे, त्यामुळे एका प्रतीत निळा असलेला झगा दुसरीत गुलाबी निघू शकतो. अशा चित्रावरून शेड कार्ड जुळवत बसू नका. आणि प्लेटवरून कागदावर चित्र उलटं उमटतं. कोरणाऱ्यानं काळजी घेतली नसेल तर तलवार उजव्या कमरेला येते आणि बटणं भलत्या बाजूला. होगार्थच्या ‘मॅरेज आ-ला-मोड’ या चित्रमालिकेतली मूळ रंगीत चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, १७४५ चे छाप त्यांच्या शेजारी ठेवून बघा, सगळ्या खोल्या आरशात बघितल्यासारख्या.

त्याच मालिकेतून मी सगळ्यात जास्त शिकले. चौथ्या चित्रात एक वकील एका सरदारपत्नीला मास्करेडचं तिकीट देतोय आणि पडद्यावर रंगवलेल्या साधू-जोगिणीच्या सोंगांकडे बोट दाखवतोय. पाचव्यात मास्करेडनंतरची रात्र आहे. तिचा नवरा तलवार लागून कोसळतोय, वकील खिडकीतून नुसत्या सदऱ्यावर पळतोय. सगळे तिकडे बघतात. तुम्ही जमिनीकडे बघा. मुखवटा पडलाय, स्कर्टला घेर देणारा सांगाडा पडलाय, ताठ पट्ट्या घालून शिवलेली कंचुकी काढून टाकलेली आहे. अंगावरचा कपडा चित्रकार फुगवतो, कारण त्याला त्या माणसाबद्दल काहीतरी म्हणायचं असतं. जमिनीवर पडलेल्या कपड्याबद्दल त्याला काहीच म्हणायचं नसतं, म्हणून तो खरा काढतो. शिवणाऱ्याला हवं ते तिथेच सापडतं: सांगाडा कसा उभा राहतो, कंचुकी पाठीशी कशी बांधायची.

एलिझाबेथ चडलीचं सोंग तुमच्या चित्रांत नक्की आलं असेल. राजघराण्याच्या सेवेतली ही बाई १७४९ च्या मास्करेडला इफिजेनिया बनून गेली होती, बळी द्यायला नेलेली ग्रीक राजकन्या. त्या काळची लेखिका एलिझाबेथ माँटेग्यू हिनं पत्रात लिहिलंय की ती इतकी उघडी होती की पुरोहिताला बळीची आतडीसुद्धा सहज तपासता आली असती. त्यावर चित्रांचा पाऊस पडला. एकात कमरेला नुसती पानं, दुसऱ्यात आरपार झगा, तिसऱ्यात आणखी काही. एकाच रात्रीचा एकच वेष आणि दोन चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. अंगाच्या रंगाचं पातळ रेशीम असणार, असं मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून म्हणते, मेणबत्त्यांच्या उजेडात ते कातडीसारखंच दिसतं. ‘जसंच्या तसं’ म्हणणाऱ्यांनी यातलं कुठलं चित्र जसंच्या तसं शिवायचं, ते मला सांगावं.

आणखी एक लक्षात ठेवा. मास्करेडच्या चित्रांमागे बहुतेक वेळा राग आहे. लंडनमधल्या हेमार्केटच्या थिएटरात हायडेगर नावाचा माणूस हे सोहळे भरवायचा. १७२४ मध्ये होगार्थनं त्याच्या दाराशी सोंगांची रीघ काढली, तिच्यापुढे सैतान आणि विदूषक, आणि रस्त्यावर एक बाई शेक्सपिअरची नाटकं ढकलगाडीतून रद्दीत नेतेय. त्याच वर्षी लंडनच्या बिशपनं मास्करेडविरुद्ध प्रवचन दिलं. मुखवट्याआड सरदारीण कोण आणि बाजारबसवी कोण हे कळत नाही, हीच खरी पोटदुखी होती. अशा रागातून निघालेल्या चित्रात माप शोधू नका.

मग माप कुठे शोधायचं? तुमचं थट्टेचं चित्र ज्या वर्षांतलं, त्याच वर्षांतल्या तसबिरींत. रेनॉल्ड्स, गेन्सबरो बघा, टोपाची उंची तिथे मोजा, आणि थट्टेचं चित्र शेजारी ठेवा. दोघांच्या मधे जो फरक दिसेल ती थट्टा. सोंगांसाठी टॉमस जेफ्रीजचे देशोदेशींच्या पोशाखांचे चार खंड आहेत, १७५७ ते १७७२ मध्ये निघालेले. त्यातली चित्रं नाटकवाल्यांना आणि मास्करेडला जाणाऱ्यांना वेष निवडता यावेत म्हणूनच छापलेली होती. तुर्की सुलताना, व्हॅन डाइकच्या चित्रांतले जुने दरबारी, सगळं आहे. लोक छापील चित्र बघून वेष करायचे आणि मग त्या वेषांची चित्रं छापली जायची. कोव्हेंट गार्डनजवळ असे वेष भाड्यानं देणारी दुकानं होती, म्हणजे आमच्याच धंद्यातले लोक. माझ्या वडिलांना हे कळलं असतं तर फार आनंद झाला असता.

आता डोमिनो. व्हेनिसहून आलेला घोट्यापर्यंतचा सैल झगा, टोपडं असलेला, पुरुष-बाई दोघांना चालणारा. ज्यांना सोंगाची यातायात नको ते रोजच्या उंची कपड्यांवर डोमिनो चढवून मुखवटा लावायचे. काळा जास्त, पण रंगीतही असायचे. तुमच्या गर्दीतल्या दहापैकी सात जणांना डोमिनोच द्या, बजेट तिथेच वाचेल. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ४४ इंच पन्ह्याचं कापड एकाला पाच मीटर धरा. त्या काळचं रेशीम म्हणून टाफेटा घेऊ नका, कॉलर माइकमध्ये सारखी खसखस येते. क्रेप घ्या, पडतोही छान. टोपड्याला मागे दोन चुण्या द्या, नाहीतर ते टोपावर बसत नाही. मुखवट्याला फीतच बांधा, इलॅस्टिक नको, तेव्हा ते नव्हतंच.

तुमचं नाटक मुळातच फार्स असेल तर मात्र डॉचा उंच टोप जरूर वापरा. फक्त तो थर्मोकोलचा करा, आणि थट्टा आहे हे सगळ्या संचाला माहीत असू द्या.

मास्तर गेल्यानंतर मी त्याच भूमिकेसाठी दुसरा टोप केला, तसबिरींवरून माप काढून. तीनशे चाळीस ग्रॅम भरला. आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर घालून त्याला वीस वेळा कमरेत लववलं, हलला नाही. दोन्ही टोप दुकानात शेजारी शेजारी ठेवलेत, मधे ती झेरॉक्स आणि खालच्या ओळीसकट पूर्ण चित्र. ते दिग्दर्शक हे वाचत असतील तर त्यांनी यावं, दोन्ही हातात घेऊन बघावेत. तुम्हीही या, माप घ्यायला.