वाळवंटातला मैलाचा दगड उभ्याने टिपू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कच्छमध्ये रस्त्याकडेचे मैलाचे दगड, पडलेले टायर, टपऱ्या टिपल्या, पण सगळे फोटो ‘मोकळे’ वाटतात, आता डिसेंबरात ऐरोलीहून राजस्थानात जैसलमेर आणि सीमेजवळच्या तनोटला निघताय, तर लेन्स कोणती न्यावी? लेन्सचं नंतर बघू. तुमच्या फोटोंत मला मुख्य खटकली ती कॅमेऱ्याची उंची. सगळे फोटो उभ्याने, डोळ्याच्या पातळीवरून काढलेत.

सपाट जमिनीवर क्षितिज कॅमेऱ्याच्याच उंचीवर येतं. कॅमेऱ्याहून उंच वस्तू क्षितिजाच्या वर डोकं काढते, बुटकी वस्तू अख्खी जमिनीतच राहते. जवळ जा, मागे या, लेन्स कुठलीही लावा, यात फरक पडत नाही. मैलाचा दगड जेमतेम कमरेएवढा. उभं राहून बघितलं की त्याच्यामागे फक्त वाळू आणि खुरटी झुडपं येतात आणि दगड त्यात हरवतो. कॅमेरा गुडघ्याच्या पातळीला आणा, त्याचा माथा आभाळात जाईल. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा तो पिवळा माथा निळ्या आभाळावर असा उठून दिसतो की दुसरं काही करायची गरज राहत नाही. आपल्याकडे ठाण्यात-नवी मुंबईत हे लक्षात येत नाही, कारण क्षितिजच दिसत नाही. मागे टॉवर नाहीतर उड्डाणपूल.

आडव्या पडलेल्या टायरचं उलट. तिथे गाडीच्या फूटबोर्डवर चढा. वरून त्याचा गोल दिसायला हवा आणि भोवती वाळूच वाळू. प्रत्येक वस्तूपाशी आधी हेच ठरवा: हिला आभाळात न्यायचं की जमिनीत ठेवायचं. अर्धवट काम नको. क्षितिजाची रेघ दगडावरच्या अक्षरांतून गेली की फोटो गेला.

उन्हाबद्दल तुम्ही लिहिलंय की दुपारी कॅमेरा बॅगेतच ठेवणार. मेमध्ये हे बरोबर, डिसेंबरात नाही. जैसलमेर जवळपास २७ अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर भर माध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या वर जात नाही. सावली वस्तूच्या उंचीपेक्षा लांब पडते, तीही उत्तरेला. आता नकाशा बघा. तनोट जैसलमेरच्या वायव्येला, त्यातही उत्तरेकडे झुकलेलं. जाताना दगडाची जी बाजू समोर येते ती आग्नेय-दक्षिणेकडे तोंड करून असते, सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात. परतीला दिसणारी बाजू त्या महिन्यात जवळजवळ दिवसभर सावलीत. म्हणून ‘येताना काढू’ म्हणून काहीही ढकलू नका. सावलीतली बाजू वाईट असते असं नाही. समोरच्या वाळूवरून परतणारा उजेड तिला छान उजळतो आणि सावली तुमच्याकडे धावत येते. पण तो वेगळा फोटो. सूर्य तिकडे आपल्यापेक्षा उशिरा, साडेसातच्या आसपास उगवतो, तेवढं धरून चला.

तुमचं कच्छचं पांढरं रण राखाडी आलंय, त्याचं कारण मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करड्यावर आणायला बघतो, मीठ असो की कोळसा. मिठावर उजेड (एक्स्पोजर) एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), वाळूवर त्याहून कमी. फोनवर बोट ठेवून सूर्याची खूण वर सरकवली की तेच होतं. मात्र काळ्या डांबराने फ्रेम भरली असेल आणि मधे चुन्याने रंगवलेला दगड असेल, तर उलट कमी करा, नाहीतर दगडावरची अक्षरं धुऊन जातील.

लेन्स साधी ५० मिलिमीटर पुरे. फोनवर दुप्पट झूम, मूळ वाइड नको. वाइडने वस्तू बारीक होते आणि मोकळेपणा नुसता पसरतो. मोठी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) न्यायची असेल तर सकाळीच वापरा, रस्ता तापला की लांबचं सगळं थरथरतं. वाऱ्यात लेन्स बदलू नका आणि काचेवरची वाळू फडक्याने पुसू नका, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा.

विजेच्या तारा एडिटिंगमध्ये पुसता, ते कृपया थांबवा. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं प्रदर्शन झालं, माणसाने बदललेल्या भूप्रदेशाच्या फोटोंचं. त्यात बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन छायाचित्रकार जोडपं होतं, आणि एकटे स्टीफन शोअर रंगीत फोटोंसह. या तिघांचं काम आवर्जून बघा. जैसलमेरच्या बाजूला तर काही तारांवर लटकलेल्या चकत्या दिसतील. त्या माळढोकासाठी. पक्ष्याला तार वेळेत दिसत नाही, तो धडकून मरतो; २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा उपायांचा आदेश दिला होता. ती तार पुसली की त्या जागेची अर्धी गोष्ट गेली.

गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवताना वाळू पायाने दाबून बघा. भुसभुशीत असेल तर चाक रुततं. सीमेकडे चौक्या, जवान, लष्करी वाहनं टिपू नका, ड्रोन घरीच ठेवा. टपरीवाल्याला आधी विचारा, चहा घ्या, मग कॅमेरा काढा.

निघण्याआधी एका रविवारी उरणच्या मिठागरांकडे जा. लोकलने जाता येतं. खाडीच्या बाजूला तोंड केलंत तर नवी मुंबईत क्वचित मिळणारी सरळ रेघ मिळेल, आणि बांधावर एखादं फळकुट, डबा, खांब असतोच. डिसेंबरच्या सुरुवातीला मिठाचे ढीग मिळतील असं धरू नका, हंगाम पुढे उन्हाळ्याकडे भरात येतो; उंचीचा सराव मात्र होईल. कामावरच्या माणसांना विचारून बांधावर चढा, वाफ्यात पाय घालू नका. एकाच वस्तूचे उभ्याने, बसून आणि कॅमेरा जमिनीला टेकवून असे तीन फोटो काढा आणि इथेच टाका, मी बघून सांगतो.