चिठ्ठ्या टाकून देवाचं पाचारण कळत नाही

‘मी वसईची, वय २६, हॉस्पिटलात नर्स. दोन वर्षांपासून मठात जाऊन सिस्टर, म्हणजे नन, व्हावंसं वाटतंय. आता चांगलं स्थळ आलंय आणि घरच्यांना ईस्टरच्या आत होकार हवाय. परवा चर्चमध्ये बसून दोन चिठ्ठ्या टाकल्या. “लग्न” निघालं आणि रडूच आलं. देवाची इच्छा कशी ओळखू?’

चिठ्ठीला बांधील राहू नकोस. बायबलमधल्या गिदोनानं लोकर ठेवून खूण मागितली खरी, पण काय करायचं हे देवानं त्याला आधीच सांगितलं होतं. त्याला धीर हवा होता. तुझं रडू मात्र वहीत लिहून ठेव, पुरावा म्हणून नव्हे, एक नोंद म्हणून.

लोयोलाचे संत इग्नाशियस १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळले होते. दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना त्यांना गोड वाटे, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही आनंद मागे ठेवून जाई. पारख करायची ती या मागे उरणाऱ्या चवीची.

आठ दिवस ‘मी लग्नाला हो म्हटलंय’ असं मनाशी धरून जग. पुढचे आठ दिवस ‘मी मठात जाणार’ असं. याबद्दल बाहेर कुणाला काही बोलू नकोस. रोज रात्री पंधरा मिनिटं शांत बसून तीनच ओळी लिही: प्रार्थनेत काय वाटलं, वॉर्डात पेशंटशी कशी वागले, घरात कशी वागले. सोळा दिवस होईपर्यंत मागची पानं उलटू नकोस. नाइट ड्यूटीनंतरच्या नोंदीपुढे फुली मार, थकव्याची उदासी फसवते. मग पुन्हा एकदा तेच सोळा दिवस कर, या वेळी क्रम उलटा ठेवून.

वाचताना एक फरक बघ. सुटकेचा आनंद दोन-चार दिवसांत विरतो. शांती टिकते, आणि तिच्यामुळे आईवर चिडणंही कमी होतं. मठाच्या विचारानं फक्त सुटल्यासारखं वाटत असेल, तर आपण कशापासून पळतोय हे प्रामाणिकपणे शोध: लग्नाची भीती, मोडलेलं नातं की ड्यूटीचा कंटाळा? पुष्कळ जणी इथेच चुकतात. आईच्या अश्रूंसाठी लग्नाला हो म्हणणं हीसुद्धा तीच चूक. प्रार्थना कोरडी असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही, आणि रीट्रीटच्या, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनेच्या दिवसांच्या, भरात देवाला घाईनं वचन द्यायचं नाही. हे दोन्ही इग्नाशियसचेच इशारे आहेत.

वही एकटीनं वाचू नकोस. हाक देवाची आहे हे बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला कळलं नव्हतं, तिसऱ्या खेपेला त्याला सांभाळणाऱ्या एली याजकानं ओळखलं. आध्यात्मिक मार्गदर्शनाचा अनुभव असलेले फादर किंवा सिस्टर शोध. ज्या मठात जायचा विचार आहे तिथल्या नकोत, आणि स्थळ आणणाऱ्या मावशीही नकोत.

नर्सिंगचं एज्युकेशन लोन बाकी आहे का? फेडता न येणारं कर्ज असलेल्याला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे मठातल्या सुरुवातीच्या शिकाऊ काळात, घेऊ नये असा चर्चचा कायदा आहे, म्हणून हप्त्यांचा हिशेब आधीच मांड. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं असतं आणि त्यातून केव्हाही परत येता येतं. पुढे किमान ३ वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतरच कायमची. मठाची पायरी चढलीस म्हणजे दार लागलं असं होत नाही. लग्नात अशी पारखायची मुदत नसते, तेव्हा ‘करून बघू’ म्हणून होकार देऊ नकोस.

लग्न हेही पाचारणच आहे, दुय्यम मुळीच नाही. वहीचा कल तिकडे दिसला तर देवाला नाकारलं असं मानू नकोस.

आता त्या मुलाचं. त्याला कारण न सांगता ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे. या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर वडिलांशी बोल: ‘मला तीन महिने हवेत, मी सिस्टर होण्याचा विचार करतेय, आणि हे त्यांच्या घरी कळवा.’ ते थांबायला तयार नसतील तर स्थळ जाऊ दे.