फाउंड्रीतून अजाइलकडे जाताना

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर असून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत सहा वर्षे उत्पादन नियोजन पाहतो. मला अजाइल प्रकल्प व्यवस्थापनात (सॉफ्टवेअर थोडेथोडे बनवून, प्रतिसाद घेत पुढे जाण्याच्या पद्धतीत) जायचे आहे. एक क्लास दोन दिवसांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि स्क्रम मास्टरच्या (संघाला स्क्रम ही अजाइल पद्धत पाळायला मदत करणाऱ्याच्या) नोकरीची हमी देतो. पैसे भरावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : इतक्यात भरू नयेत. प्रमाणपत्र दोन दिवसांत मिळेलही. परंतु ज्याने एकही स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, आतून पाहिलेला नाही, त्याच्या हाती कंपन्या सहसा संघ सोपवत नाहीत. हमी लेखी मागून पाहा, म्हणजे तिचे वजन कळेल.

आधी स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांचे ‘स्क्रम गाइड’ वाचावे. २०२० ची ही आवृत्ती छोटेखानी असून विनामूल्य मिळते. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा आणि रोजची बैठक १५ मिनिटांची, हे लक्षात ठेवणे सोपे आहे. तुम्हाला जड जाईल ते वेगळेच : स्क्रम मास्टर कामे वाटून देत नाही. कामांचा अग्रक्रम प्रॉडक्ट ओनर (उत्पादनाची जबाबदारी असलेली व्यक्ती) ठरवतो आणि ती कशी करायची ते डेव्हलपर ठरवतात. पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) तयार होऊन ओतकाम सुरू झाल्यावर ग्राहकाने माप बदलले, तर केवढा भुर्दंड बसतो, हे तुम्ही जाणता. म्हणून तुमच्याकडे सगळे आधी ठरवावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये बदल तुलनेने स्वस्त असतो, त्यामुळे थोडे करून ग्राहकाला दाखवायचे आणि त्याच्या प्रतिसादावर पुढचे ठरवायचे, ही पद्धत तिथे परवडते.

प्रवेशासाठी कारखान्यांकरिता ईआरपी (सगळ्या विभागांचा हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाहावे. हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), रिजेक्शन आणि डिस्पॅच यांचा हिशेब तुम्हाला कुणी शिकवायला नको, आणि बिझनेस अ‍ॅनालिस्ट किंवा प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर म्हणून घेताना हीच जाण मोलाची ठरते. तुमच्याच कारखान्यात ईआरपीचे काम निघाले, तर त्या गटात स्वतःहून नाव द्यावे.

प्रमाणपत्र हवेच असेल, तर स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसएम-१ (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) परीक्षा क्लासशिवाय देता येते. तिच्यात ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यास ८५ टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) या दुसऱ्या प्रमाणपत्राला मात्र प्रशिक्षण सक्तीचे असून दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. सध्याची नोकरी नवे नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत सोडू नये. सुरुवातीचा पगार आजच्यापेक्षा कमी असू शकतो, हेही घरी आधीच सांगून ठेवावे.