४१ मिनिटांची चूक

रामबाग, इंदूर

चि. बाळ हीस अनेक आशीर्वाद.

परवा बाबा सांगत होते, पोरगी 'अ‍ॅस्ट्रो'वर अडून बसलीये. बसू दे. फक्त बारावीनंतर नावात 'खगोल' असलेली पदवी शोधत फिरू नकोस. बी.एस्सी.ला फिजिक्स-गणित घे, होळकर सायन्सला मिळालं तरी छान. मग एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा दे. सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पीएच.डी.ला पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. ते यथावकाश.

त्याआधी एका रविवारी पोहे खाऊन निघ आणि उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन ये. सवाई जयसिंहाच्या सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळावर, सावलीची कड कुठे पडते ते वाच, मग घड्याळ बघ. मी कॉलेजात असताना फेब्रुवारीच्या मध्यावर गेलो होतो. यंत्र ४१ मिनिटं मागे! 'बिघडलंय' असं मित्रांना ऐटीत सांगून मोकळा झालो. घरी येऊन गणित मांडलं तेव्हा लाज वाटली. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, उज्जैन पावणेशहात्तरवर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे २७ तिथेच गेली. उरलेली १४ पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेची आणि कललेल्या आसाची. यंत्र बरोबर होतं, मीच अडाणी.

आणखी एक बघ. सावलीची कड धारदार नसते. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं, त्यामुळे दोनेक मिनिटांचा पट्टा धूसर दिसतो. तू त्यातली कुठली रेघ धरलीस आणि का, हे वहीत आकड्याशेजारीच लिही. या विषयातलं निम्मं काम हेच आहे, खरं सांगतो. पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत, पण तिथला डेटा घेणारी मुलं आकाशाकडे बघत नाहीत. मोबाइल टॉवर, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्यातून काढत महिनोन्‌महिने स्क्रीनसमोर बसतात. तेव्हा पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आत्तापासून शीक. हे कंटाळवाणं वाटलं तरी चालेल, नकोसं वाटलं तर मात्र वेळीच सांग. दुर्बीण हौसेनेही घेता येते, त्यात कमीपणा नाही.

वेधशाळेत यंत्राच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची त्या दुरुस्तीचा तक्ता दिसला तरी आधी बघू नकोस हं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलीस तर फरक जेमतेम ११ मिनिटांचा येईल. का, ते स्वतः काढ आणि मग मला फोन कर. दुपारी दोन ते चार सोडून.

तुझा,
काका